डावा स्पीकर

४ नोव्हेंबर, मंगळवार

वजनमापे खात्यात असताना रोज संध्याकाळी दिवसभराची तपासणी लिहून काढायची सवय होती. कुठल्या दुकानातला तराजू पाहिला, कोणाचं वजन खालून कोरलेलं निघालं, कोण लगेच चहा मागवायला लागला. (चहा मागवला की समजायचं, पाणी कुठंतरी मुरतंय.) निवृत्त झाल्यावर लिहिण्याजोगं काही घडेना म्हणून वही बंद पडली. आज घडलं. आज घरात एक यंत्र आलं, आणि त्या यंत्रावर आणि ते विकणाऱ्यावर माझा काडीचाही भरवसा नाही.

यंत्र म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन. जुनंच, पण चालू. हिच्या वडिलांच्या रेकॉर्ड्सची पेटी कधीपासून आमच्या पलंगाखाली आहे. मध्ये एकदा हिने त्यातली एक बाहेर काढली, रुमालानं पुसली आणि परत ठेवली. "वाजवायला काही नाही," एवढंच म्हणाली. एरवी हल्ली तेवढंही म्हणत नाही. पूर्वी हिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा, मीच म्हणायचो, बाई, जरा श्वास घे. आता संध्याकाळी मी बातम्या लावून बसलो की शेजारी येऊन विणत बसते आणि मूग गिळून असते. काय बिनसलंय ते कळायला मार्ग नाही. म्हटलं, घरात गाणं आलं तर बोलणंही येईल. तर मशीन हिच्यासाठी घेतलं आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण हौस माझी होती असं पुढे कोणीतरी म्हणणारच.

विकणारा माणूस बोळाच्या टोकाला एका लांबट दुकानात बसतो. सगळे त्याला तबकडीवाला म्हणतात. बोलायला फार गोड. "साहेब, डोळे मिटून घेऊन जा," म्हणाला. मी डोळे उघडे ठेवून आणलं, तरी मनात पाल चुकचुकतेच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नुसतं टेबलावर ठेवून वाजवायचं मशीन नाही हे. आधी ते सपाट बसलं पाहिजे. गवंड्याकडची बुडबुड्याची नळी मागून आणली आणि थाळीवर ठेवली, तर बुडबुडा पार एका टोकाला. म्हणजे कपाट वाकडं. ज्या सुतारानं ते केलं त्यानं मला समोर उभं राहून शपथेवर सांगितलं होतं की ओळंब्यात आहे. उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली तेव्हा बुडबुडा मधोमध आला.

मग सुईचं वजन. सुई ज्या लांब दांड्याच्या टोकाला असते, त्याच्या मागच्या बाजूला एक फिरणारं वजन असतं. ते थोडं थोडं फिरवत असं आणायचं की दांडा हवेत आडवा तरंगला पाहिजे, ना वर, ना खाली. तो शून्य. तिथून मोजून दोन ग्रॅम पुढे जायचं. एवढं वाचून मला माहेरी आल्यासारखं झालं. हा तर तराजूच की. आधी शून्य, मग वजन, हे मी किती दुकानदारांना घसा फोडून सांगितलं असेल.

स्पीकर कपाटाच्या दोन टोकांना ठेवले. समोर सोफा. मी दोन्ही स्पीकरांच्या नेमका मध्ये बसतो, तिथे खडूनं जमिनीवर खूण केली आहे. ही माझ्या डाव्या हाताला, खिडकीशी. तिथे विणायला उजेड चांगला येतो. तीच तिची जागा, वर्षानुवर्षं.

ही जवळ आली आणि म्हणाली, "मी ठेवून बघू का सुई?"

"अगं, हात लावू नकोस," मी म्हटलं. "आत्ताच शून्य लावलाय. सगळं बिघडेल."

ती जाऊन खिडकीशी बसली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज एकाला पकडलं.

तबकडीवाल्यानं सुईचं वजन मोजायला एक इवलासा काटा दिला होता. माझ्याकडे निरोपसमारंभात मिळालेली पितळी वजनांची पेटी आहे. त्यातलं दोन ग्रॅमचं वजन त्या काट्यावर ठेवलं, तर काटा दोनाच्या बराच वर. म्हणजे त्याच्या काट्यावर भरवसा ठेवला असता तर सुई हलकी बसली असती आणि खाचेत उड्या मारत राहिली असती. काटा आणि पेटी घेऊन तसाच दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर दाखवलं. त्यानं कानांवर हात ठेवले. "साहेब, मला असाच मिळाला हो." सगळे असंच म्हणतात.

वर मलाच विचारतो, "पण साहेब, तुमचं वजन बरोबर आहे कशावरून?"

प्रश्न आगाऊ होता, पण चुकीचा नव्हता. खात्यात आम्ही तपासायला जे वजन न्यायचो ते प्रमाण वजन. आणि ते प्रमाण वजनही ठरल्या काळानं मोठ्या कचेरीत नेऊन तपासून आणावं लागे. नाही तर खोट्या वजनानं खरा काटा खोटा ठरतो आणि बिचारा दुकानदार दंड भरतो. माझी पेटी तपासलेली आहे, दाखला आत आहे. तो त्याच्या नाकासमोर धरला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुईचा कोन लावायला एक छापील कागद मिळतो. त्यावर चौकटी असतात. सुई दोन ठिकाणी ठेवून बघायची, दोन्हीकडे तिचं डोकं रेषांना समांतर आलं पाहिजे. एकीकडे जमलं की दुसरीकडे बिघडतं. सगळी सकाळ त्यात गेली, मान आखडली. पण जमलं.

मग पेटीतली हिच्या वडिलांची लाडकी रेकॉर्ड लावली. भला मोठा वाद्यवृंद आहे, शब्द काही नाहीत. पाकिटाच्या पाठीवर वादक कुठे कुठे बसलेत त्याचं चित्र आहे. व्हायोलिनवाले सगळे डावीकडे, ती उभी धरायची जाडजूड वाद्यं उजवीकडे. मी खुणेवर बसलो. उजवीकडून जाडजूड वाद्यं अशी आली की पोटात कंप सुटावा. आणि डावीकडची व्हायोलिनं? जणू शेजारच्या घरात वाजताहेत.

डावा स्पीकर अधू आहे. मला जे वाटत होतं तेच झालं. गळ्यात मारला.

संध्याकाळी फिरायला गेलो तर एक सायकलवाला डावीकडून थेट अंगावर आला, घंटी न वाजवता. मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हणतो, "काका, केव्हाची वाजवतोय." धडधडीत खोटं. आजूबाजूला उभे असलेलेही त्याचीच बाजू घेत होते. लोकांना हल्ली काही वाटतच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तबकडीवाला घरी येऊन गेला. माझ्या खुणेवर बसला, डोळे मिटून डोकं तिरकं करून ऐकलं. फार जाणकार असल्याचा आव. मग म्हणाला, "साहेब, दोन्हीकडून सारखं येतंय."

"व्हायोलिनं कुठायत?"

"ही काय, डावीकडे."

"मला येत नाहीत."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग उगाच काहीतरी लांबण लावली. हवेत दमटपणा असेल, सुईला अजून सवय व्हायचीय, वगैरे. हिने त्याला आत चहा दिला. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती. मी दाराशी गेल्यावर दोघं गप्प. मशीन विकणाऱ्याशी हिचं एवढं काय बोलणं असतं? माझ्याशी नाही, आणि त्याच्याशी आहे.

तो गेल्यावर मी स्वतः तपासणी केली. मागच्या दोन वायरी उलटसुलट केल्या, डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. आता व्हायोलिनं उजवीकडे गेली. आणि ठणठणीत ऐकू आली! मी उठून उभाच राहिलो. पण जाडजूड वाद्यं डावीकडे येऊन बसली आणि तीच मिळमिळीत झाली. म्हणजे रेकॉर्ड निर्दोष, सुई निर्दोष. चोर तो डावा खोकाच. अपराध सिद्ध झाला. वायरी पूर्ववत केल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडण उद्यावर ठेवून आज फक्त ऐकायचं ठरवलं. तीच रेकॉर्ड. आवाज जरा जास्तच ठेवला, म्हणजे डावीकडचं थोडं तरी मिळेल. ही येऊन तिच्या जागी बसली.

दुसऱ्या बाजूला एक संथ भाग आहे. त्याला एक लय आहे, सावकाश चालत गेल्यासारखी. मी डोळे मिटले आणि मान आपोआप डोलायला लागली. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं. मध्येच डोळे उघडून पाहिलं तर विणकाम हिच्या मांडीवर पडलेलं आणि ही टक लावून माझ्याकडेच बघत होती. मी हसलो. मान डोलावली, म्हटलं, बघ, आवडलं ना. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांची आठवण झाली असणार, त्यांच्याच हातची रेकॉर्ड. बाजू संपायच्या आत ही उठून आत गेली.

संगीतात केवढी ताकद असते, ते आज पाहिलं. यायचं ते बोलणं आता येईल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोलणं आलं नाही. उलट जे होतं तेही गेलं.

ही माझ्याशी फार नीट वागते आहे, आणि तेच मला खटकतंय. शर्टाची बटणं सगळी घट्ट करून ठेवली. कुठल्या डब्यात काय आहे ते चिठ्ठ्या लावून ठेवलं. माझी गोळ्यांची डबी आठवड्याच्या वारांप्रमाणे लावली. अपराधी दुकानदार तपासणीच्या आदल्या दिवशी दुकान लखलखीत करतो, तशातली गत. हिची थोरली बहीण, ताई, रोज फोन करते. ताईचे यजमान मागच्या वर्षी गेले, शहराच्या पलीकडच्या टोकाला एकटी असते, शिवणाचं दुकान चालवते. आधी महिन्यातून एकदा फोन यायचा. आता रोज, आणि ही फोन घेऊन गच्चीवर जाते.

आज बाजारातून येताना बघितलं तर ही तबकडीवाल्याच्या दुकानात. काचेतून दिसली. तो काहीतरी दाखवत होता, ही मान हलवत होती. घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे गेली होतीस? "जरा काम होतं." ताकास तूर लागू देईना.

दुपारी लेकीचा फोन आला. फोन मी आता उजव्या कानाला धरतो, डाव्याला धरला की ही फोनची कंपनीही लबाडी करते. लेक चिडलेली होती. "बाबा, तुम्ही आईला एका शब्दानंही अडवलं नाहीत? हसलात म्हणे."

मी म्हटलं, "कशाला अडवायचं? तिच्या वडिलांच्या रेकॉर्ड आहेत, तिनं रडावं नाहीतर हसावं."

ती म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," आणि फोन ठेवला. म्हणजे तीही यांच्यात सामील आहे. कशात, ते मला अजून कळलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पेटीतून रेकॉर्ड गेली. तीच, वाद्यवृंदाची.

घरात येणारंजाणारं दुसरं कोणी नाही. आला होता तो एकच, आणि पेटी त्या दिवशी उघडीच होती. तडक दुकानात गेलो. या वेळी आवाज चढवला. तबकडीवाल्याचा चेहरा पडला.

"साहेब, मी तुमची रेकॉर्ड कशाला घेऊ? वहिनी आल्या होत्या. त्यांना एका रेकॉर्डला प्रवासात धक्का लागणार नाही अशी पेटी हवी होती. मी दिली."

"कसला प्रवास?"

तो गोंधळला. "ते मला कसं माहीत असणार? तुम्हाला माहीत असेल ना."

मी तसाच निघालो. त्याच्यावर चोरीचा आळ घेतला त्याबद्दल चार शब्द बोलायला हवे होते, पण माझी जीभच उचलली नाही.

घरी आल्यावर दोन्ही खोकी उचलून अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. स्वतःच सगळं उचललं, कंबर धरली. दुसरी रेकॉर्ड लावली. आता अधू खोका उजवीकडे होता, म्हणजे उजवीकडे आवाज कमी यायला हवा. उजवीकडे ठणठणीत. डावीकडे मढं. म्हणजे खोकाही निर्दोष. मग उरलं काय? भिंत? ती बाजूच आवाज खाते? पडदा काढून बघितला. काही फरक नाही. खोकी परत आपापल्या जागी ठेवली.

मला कशातच काही कळेनासं झालं आहे. मशीनमध्ये नाही आणि घरातही नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

पलंगाखाली हिची मोठी बॅग आहे. भरलेली. लपवलेली म्हणावी तर अर्धी बाहेर आलेली, माझ्या चपलांच्या शेजारी. वर कपडे, गरम शाल, विणायच्या सुया, आणि मधोमध नव्या पेटीत ती रेकॉर्ड.

ही घर सोडून चालली आहे.

नोकरीत मी कधी घाबरलो नाही. दुकानदार अंगावर धावून आले, एकानं तर माप फेकून मारलं. आज मी बॅगेसमोर जमिनीवर बसलो आणि उठताच येईना. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? शिवाय खात्यातला शिरस्ताच असा की संशयिताला आधी सावध करायचं नाही, सगळा पुरावा गोळा झाल्याशिवाय बोलायचं नाही. मी बॅग होती तशी सरकवून ठेवली.

रात्री जेवताना ही म्हणाली, "जास्त मीठ झालंय का?" मी म्हटलं, "नाही." दिवसभरात एवढंच.

४ डिसेंबर, गुरुवार

पुरावा पुरा झाला. ताईचा फोन आला तेव्हा ही भांडी घासत होती म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. मी बाहेरच्या खोलीत. ताईचा आवाज खणखणीत, सगळं ऐकू आलं. "रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. वरची खोली रंगवून घेतलीय. आणि हे बघ, उगाच रडत बसू नकोस. ज्या माणसाला काही वाटतच नाही त्याच्यासाठी किती दिवस थांबायचं?"

ज्या माणसाला काही वाटत नाही तो माणूस मी.

हिने काय काय सांगितलं असेल ताईला? मी हात उगारला नाही कधी, पगार घरात दिला, हिच्या वडिलांच्या आजारपणात रात्री जागलो. आणि एवढं उघड उघड, माझ्या नाकावर टिच्चून. जाताना मला सांगायची सुद्धा गरज वाटू नये? माझा राग अनावर झाला, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. ही गेल्यावर त्या खिडकीपाशी कोण बसणार, एवढंच सारखं डोक्यात येत होतं.

६ डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं. अक्षर किडामुंगीसारखं येतंय.

सकाळी ही बाजारात गेली. घर रिकामं. उद्या रविवार. मला काही सुचेना म्हणून मशीन लावलं, तिच्या बॅगेतली रेकॉर्ड काढून. डावीकडची व्हायोलिनं होती तशीच, मेलेली. म्हटलं, ही जायच्या आत निदान एवढं तरी नीट लावून दाखवीन. वायर कुठे सैल असेल म्हणून कपाट पुढे ओढलं, मागे शिरलो आणि भिंतीला पाठ लावून खाली बसलो, तोंड सोफ्याकडे.

आणि व्हायोलिनं वाजायला लागली.

स्पष्ट, धारदार, एकेक तार वेगळी. मी वायरीला हात लावलासुद्धा नव्हता. पण आता ती जाडजूड वाद्यं मंद झाली होती. म्हटलं, काहीतरी हललं असेल. बाहेर येऊन सोफ्यापाशी गेलो, कपाटाकडे तोंड केलं. व्हायोलिनं गेली. मागे वळलो. व्हायोलिनं आली. परत वळलो. गेली. भर सकाळी खोलीत मधोमध उभा राहून मी भोवऱ्यासारखा फिरत होतो. मशीन जागेवर होतं, स्पीकर जागेवर होते. फिरत होतो तो फक्त मी.

मशीन बंद केलं. मनगटावरचं चावीचं घड्याळ काढलं. उजव्या कानाशी धरलं, टिकटिक. डाव्या कानाशी धरलं. बंद पडलं वाटून काटा पाहिला, तर काटा चालू होता.

आयुष्यभर जगाचे काटे तपासले. सुतार, सायकलवाला, तबकडीवाला, फोनची कंपनी, भिंत, पडदा, कोणाला म्हणून सोडलं नाही. प्रमाण वजन तपासायचं राहिलं.

पण हे सगळं मागाहून सुचलं. त्या क्षणी मी सोफ्याकडे बघत होतो. माझी खडूची खूण, आणि तिच्या डाव्या बाजूला खिडकीशी हिची जागा. बातम्या चालू असताना ही तिथे बसते. रेकॉर्ड चालू असताना तिथे बसते. आणि हिच्या वडिलांनी हिला लहानपणापासून शिकवलेलं, वाद्य वाजत असताना मोठ्यानं बोलायचं नाही.

ही गप्प नव्हती.

ही आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिच्या हातातली पिशवी घेतली, हाताला धरून सोफ्यापाशी नेलं.

"इकडे बस."

"ही माझी जागा नाही."

"उजवीकडे बस. माझं ऐक."

ती बसली, अगदी कडेला, पाहुणीसारखी. मी विचारलं, "त्या रविवारी, मी मान डोलावली तेव्हा, तू मला काही विचारलं होतंस का?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तिला काटा मारताना रंगेहाथ सापडलोय. "आता कशाला ते?"

"सांग."

"म्हटलं, ताई एकटी पडलीय, ती मला कायमचं राहायला बोलावते. म्हटलं, हल्ली मी काहीही बोलले तरी तुम्ही उत्तर देत नाही, मी घरात असले काय आणि नसले काय. मी गेले तर चालेल का तुम्हाला?" ती खिडकीकडे बघायला लागली. "तुम्ही मान हलवलीत. मी परत विचारलं. तुम्ही हसलात आणि परत मान हलवलीत."

"मला ऐकू आलं नाही."

"असं कसं होईल? हाताच्या अंतरावर होते मी."

"अगं, माझा डावा कान गेलाय."

तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? सोयीचा कान दिसतोय, म्हणाली. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. मी म्हटलं, तपास. मशीन लावलं, खुणेवर बसलो, डोळे मिटले. ती तिच्या जुन्या जागी जाऊन बसली. जाडजूड वाद्यं उजवीकडून येत होती. मी मान अगदी ताठ धरून वाट बघत राहिलो, बराच वेळ.

शेवटी म्हटलं, "बोल ना काहीतरी."

उत्तर आलं नाही. डोळे उघडून डावीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. गाल ओले होते आणि ती बोलतच होती, थांबत नव्हती, इतक्या दिवसांचं सगळं बोलत असावी. मला पाहून थांबली. तोंडावर हात घेतला.

मी तिला उजवीकडे ओढून बसवलं. "काय म्हणालीस?"

"राहू दे आता." मग नाक पुसून म्हणाली, "किती दिवसांपासून हो हे?"

"माहीत नाही. तपासलं नाही कधी."

ती बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिली. पातेलं गळत असलं की जशी भांडं उलटसुलट करून बघते, तशी. मग म्हणाली, "परत विचारू?"

मी आधी सुई उचलली. खोलीत काही वाजत नव्हतं.

"मी गेले तर चालेल का तुम्हाला?"

"नाही चालणार," मी म्हटलं.

"हळू," ती म्हणाली. "माझे दोन्ही कान शाबूत आहेत."

७ डिसेंबर, रविवार

ताई गाडी घेऊन आली. ही चार दिवस तिच्याकडे जाणार आहे, शब्द दिलाय, खोलीही रंगवलीय. परत येते म्हणाली. बॅग तशीच भरलेली आहे, फक्त रेकॉर्डची पेटी बाहेर काढून तिनं मशीनशेजारी ठेवली. बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे लेक घेऊन जाणार आहे. तिनं फोनवर मला बरंच सुनावलं आणि मग स्वतःच रडली. तबकडीवाल्याकडेही जायचं आहे, त्याच्यासमोर काय बोलायचं ते अजून जमलेलं नाही.

ताई खाली गाडीत थांबली होती. निघायच्या आधी ही मशीनपाशी गेली, रेकॉर्ड थाळीवर ठेवली आणि दांडा हातात घेतला. मी काही बोललो नाही. सुई तिनं वरून जरा जोरातच सोडली, धप्प आवाज झाला, मग खरखर, मग व्हायोलिनं. दोन ग्रॅमचं माझं सगळं काम वाया गेलं असणार.

मी खुणेवरून उठून खिडकीच्या जागेवर जाऊन बसलो. ती येऊन माझ्या उजव्या हाताला बसली. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, तो मला ऐकू आला. ती काहीतरी हळूच म्हणाली, वडिलांच्या शिस्तीत.

तेही आलं.